उन्हात उभी केलेली गाडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही — आणि तिच्यापासून मी माझं वजनसुद्धा लपवत नाही. मुलाला नाही. माधवच्या फोटोशी मी रोज बोलते. दूधवाल्याची तक्रार, गुडघ्याची तक्रार, सोसायटीच्या सेक्रेटरीची तक्रार, सगळं त्यांच्या कानावर घालते. पण हा विषय ओठांवर आला की मी फडकं घेऊन फोटोची काच पुसायला लागते. काच इतकी स्वच्छ आमच्या घरात दुसरी नाही.

आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तर सुरुवात कुठून करू? माणसांपासून केली तर मध्येच कुठेतरी सटकेन, माझी मला खात्री आहे. म्हणून गाडीपासून करते. गाडीबद्दल बोलायला मला लाज वाटत नाही — निदान सुरुवातीला तरी.

आमच्याकडे एक जुनी डिझेल व्हॅन होती. माधवनी नोकरीतून वेळेआधी निवृत्ती घेतली, आम्ही गिरगावातली खोली सोडून मीरा रोडला आलो, आणि मी जेवणाच्या ऑर्डरी घ्यायला लागले. पुरणपोळ्या, अळूवड्या, मुंजीची जेवणं, बारशाचे घुगऱ्या-पेढे. पातेली रिक्षात मावेनात, म्हणून सेकंडहँड व्हॅन घेतली. मी त्यांना तोंडावर कधी नावाने हाक मारली नाही, ‘अहो’च म्हणत आले. लिहिताना मात्र माधव लिहिते. रागावायला ते आता इथे नाहीत, आणि असते तरी रागावले नसते.

जुनी डिझेल व्हॅन पाळणं म्हणजे काय, ते पाळल्याशिवाय कळत नाही. विकणारा सांगतो, डिझेलचं इंजिन मरत नाही. खरं आहे. मरत नाही, आजारी पडतं. हीटर प्लग गेला की हिवाळ्यात सकाळी उठत नाही. फिल्टरमध्ये पाणी साचलं की घोडबंदरच्या रस्त्याला आचके देतं. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सरची चाळण होते. क्लचप्लेट झाली की इंजेक्टर, इंजेक्टर झाले की बॅटरी, आणि सगळं ठाकठीक झालं म्हणून आपण जरा टेकतो तोवर विमा आणि पासिंग दारात उभं. घेताना जेवढी किंमत मोजली तेवढं आपण तिला पुढच्या काही वर्षांत खाऊ घालतो. मग ती विकवत नाही. एवढं खाऊ घातलेलं माणूस घराबाहेर काढवतं का?

माधवना मात्र ह्या दुखण्यांची गोडी लागली होती. मागे उभे राहून धूर बघायचे आणि वैद्यासारखे निदान करायचे. काळा धूर म्हणजे खाणं जास्त झालंय. पांढरा म्हणजे पचत नाहीये. निळा म्हणजे घरातलंच तेल जळायला लागलंय, आता मिस्त्रीला बोलवा. मला त्यांनीच गाडी चालवायला शिकवली, पन्नाशीला टेकल्यावर. मी गिअर खरकन टाकला की ते डोळे मिटायचे, पण एकदाही ओरडले नाहीत. माझ्या आयुष्यात मला ओरडल्याशिवाय काही शिकवणारा तो एकच माणूस. त्याबद्दल मी अजून रोज मनातल्या मनात हात जोडते.

आणि त्यांनी मला एक नियम शिकवला होता. तो नीट ऐका, कारण सगळं तिथेच आहे.

जुनी डिझेल गाडी विकत घ्यायला गेलं, तर सकाळी जायचं आणि आधी किल्ली मागायची नाही. आधी इंजिनला हात लावायचा. म्हाताऱ्या इंजिनचं दुखणं फक्त गार असताना दिसतं. एकदा तापलं, की ते जवान पोरासारखं पहिल्या सेल्फला सुरू होतं, धूरही कमी टाकतं. म्हणून लबाड मालक गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी फिरवून आणतो. इंजिन गार लागलं तर मालक खरा. गरम लागलं तर पाणी मुरतंय कुठेतरी.

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं. त्यावर बसलं की खालून ऊब यायची, उन्हाळ्यात तर चटकाच. म्हणून मी जुन्या साड्यांची एक गोधडी शिवून डाव्या सीटवर घातली होती, माझ्या जागेवर. आणि माधव गाडी नेहमी आमच्या आवारातल्या बदामाच्या झाडाखाली लावायचे. दुसऱ्या कुणी ती जागा घेतली तर त्यांचा चेहरा उतरायचा. बाकी कशावरून भांडले नाहीत, सावलीवरून भांडले.

ते गेले. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, तो ह्या गोष्टीचा भाग नाही. उलट मला भीती आहे, की त्यांच्या जाण्याचा मी पुन्हा एकदा आडोसा करेन. एकदा केलाय. पुरे.

ते गेल्यावर गाडी बदामाखाली उभी राहिली. मी अधूनमधून सुरू करून बघायचे. सुरू व्हायला ती तऱ्हा करायची — सेल्फ मारा, थांबा, पुन्हा मारा, खोकायची, थरथरायची, मग निळसर-पांढरा धूर सगळ्या आवारभर. पेणकरपाड्याच्या युसूफ मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. आतून भसाभस वाफ येत होती.

“भाभी, इंजन काम माँग रहा है,” ते म्हणाले. “बेचना है तो बता के बेचना.”

सांगून विका. किती साधी गोष्ट! पैशांची मला अडचण होती का? नव्हती. घर आमचं होतं, माधवचं पेन्शन मला मिळत होतं, मुलगा पुण्याहून विचारायचा, आई काही पाठवू का. मी नको म्हणायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला गरिबीच्या पदराआड लपता येणार नाही.

वैशाखात पास्कूचा फोन आला. कुणाकडून तरी कळलं होतं म्हणे, मीरा रोडला एका बाईंची डिझेल व्हॅन आहे. पास्कू डोंगरीचा, उत्तनच्या अंगाच्या त्या गावातला. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. हाताला मार बसला आणि जाळं ओढणं सुटलं. त्याला व्हॅन हवी होती ती गावातल्या बायकांसाठी. मासे, भाजी, टोपल्या घेऊन त्यांना पहाटे भाईंदरच्या आणि मीरा रोडच्या बाजारात पोचवायचं. पहाटे — हे त्याने मला फोनवरच सांगितलं होतं. म्हणजे त्याला जी गाडी हवी होती ती गार असताना सुरू होणारी. दुसरं काहीच नको होतं त्याला.

ते दोघं येणार होते, तो आणि त्याची बायको रोजी, उन्हं वर आल्यावर.

त्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. नेहमीची खोकली, धुरली, सुरू झाली. पेणकरपाड्यावरून हायवेला लागले, घोडबंदरपर्यंत गेले, परत आले. माधव गेल्यापासून मी पहिल्यांदाच एवढ्या लांब एकटी चालवत होते. खिडकीची काच खाली होती. आणि — हेही लिहून टाकते — मला मजा आली. फसवायला निघालेल्या बाईला भीती वाटायला हवी होती. मी गुणगुणत होते.

परत आल्यावर गाडी बदामाखाली नाही लावली. गेटपाशी भर उन्हात लावली. गरम इंजिनला कारण नको? ते कारण मी आकाशातून उतरवून सीटवर ठेवलं. माधवनी मला फसू नये म्हणून जो नियम शिकवला होता, तो मी उलटा करून वापरला. आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

पास्कू आला. काळा, रुंद, मान थोडी खाली घालून बोलणारा. बोटीवर डिझेल इंजिनाशी त्याचा संबंध आलेला होता, त्यामुळे तो अगदीच अडाणी नव्हता. त्याने किल्ली मागितली नाही. माझी गोधडी हलक्या हाताने बाजूला केली, घडी मोडू न देता. सीट उचलली आणि तळवा खाली ठेवला.

“गरम हाय,” तो म्हणाला.

“सकाळपासून उन्हात उभी आहे ना,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हात काढून घेतला, सीट खाली ठेवली आणि गोधडी होती तशी पसरली. झालं. सेल्फ मारला, गाडी लगेच सुरू झाली. वर्षानुवर्षं इंजिनांवर ठेवलेला स्वतःचा हात त्याला एक गोष्ट सांगत होता आणि दहा मिनिटांपूर्वी भेटलेली बाई दुसरी. त्याने बाईचं ऐकलं.

हा माझा गुन्हा, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटत होतं. किंवा मी स्वतःला तसं वाटू देत होते, कारण त्याच्याखाली अजून एक आहे.

माधव गेले तरी मी टिकली लावणं सोडलं नव्हतं. त्यांनीच सांगून ठेवलं होतं, मी नसलो तरी कपाळ मोकळं ठेवू नकोस, तुला शोभत नाही. तेराव्याला नणंदेने तोंड वाकडं केलं तेव्हासुद्धा मी टिकली लावून पानं वाढली होती. त्याचा मला अभिमान होता. आणि पास्कू-रोजी येणार होते त्या दिवशी सकाळी, गाडी फिरवून आल्यावर, तोंड धुतल्यावर, मी आरशासमोर उभी राहिले आणि कपाळावरची टिकली काढून आरशाला चिकटवली.

का काढली? मला ठाऊक होतं का काढली ते. अजूनही ठाऊक आहे.

मी दोघांना वर बोलावलं, कोकम सरबत दिलं. पास्कू किमतीचा विषय काढणार होता. व्यवहार आहे, माणूस भाव करणारच. रोजीने भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या हातावर हात ठेवला.

“असू दे,” ती म्हणाली. “बाय एकटी हाय.”

मी सांगितली ती किंमत त्यांनी दिली. गोधडी मी काढून घ्यायला गेले तर पास्कू म्हणाला, ऱ्हाऊ दे, तिच्या अंगवळणी पडलीय. गाडी गेटबाहेर गेली आणि मी वर येऊन आरशावरची टिकली पुन्हा कपाळाला लावली. ती नीट चिकटेना, मग नवी घेतली.

चार-आठ दिवसांनी पास्कूचा नंबर फोनवर दिसला. चोराच्या मनात चांदणं — मी फोन वाजू दिला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा उचलला, काय काय सांगायचं ते मनात घोळवत. पण तक्रार नव्हतीच. गाडीला फादर आशीर्वाद देणार होते, मी यायलाच हवं होतं. आधीच्या मालकाशिवाय गाडी कशी पावन होणार, असं त्याचं म्हणणं.

जायला नको होतं. गेले. नाही गेले तर संशय येईल, हे कारण. आणि जाताना पुन्हा टिकली काढली. खोटं एकटं राहत नाही, त्याला संसार लागतो.

डोंगरीत त्यांच्या घरासमोर क्रूसापाशी गाडी उभी होती, झेंडूच्या माळा घालून. फादरनी पवित्र पाणी शिंपडलं, सीटवर, चाकांवर, थोडं माझ्या अंगावरही उडालं. पास्कू येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होता, ह्या बाईंची गाडी, घरच्या माणसागत सांभाळलेली. फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले फुगीर गोळे, आणि मटण खाल्लं. मग रोजीने मला आत नेलं. फळीवरून टिकल्यांचं एक नवं कोरं पाकीट काढलं. बाजारातून माझ्यासाठी आणलं होतं.

“आमच्यात नसतंय ह्ये,” ती म्हणाली. “पन तुमचं कपाळ असं बरं न्हाय दिसत. लावा बाय. कोन काय बोलत न्हाय.”

आणि तिने स्वतःच्या हाताने, मासळीचा वास असलेल्या तिच्या जाड बोटाने, माझ्या कपाळाच्या मधोमध टिकली लावली. मी रडले. तिला वाटलं नवऱ्याच्या आठवणीने रडतेय, तिने मला जवळ घेतलं. आजही कुणाच्या लग्नात वगैरे भेटलो की ती अभिमानाने सांगते, बायला टिकली मी लावायला लावली. लोक कौतुकाने माझ्याकडे बघतात. मी हसते.

पुढे हिवाळा आला. इथला हिवाळा तो काय, पण म्हाताऱ्या इंजिनला तेवढाही पुरतो. एका पहाटे गाडीत टोपल्या भरलेल्या, बायका बसलेल्या, आणि ती सुरूच झाली नाही. बायकांनी खाली उतरून धक्का मारला. बाजाराची वेळ गेली, मासे पडत्या भावाने द्यावे लागले. दोन-तीन पहाटे असंच झालं. बायका दुसऱ्या टेम्पोने जायला लागल्या. शेवटी इंजिन खोललं. पिस्टनच्या रिंगा पार झिजलेल्या.

पास्कूचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, जरा दमलेला. “बाय, गाडीनं काम काढलं. तुमच्याकडं कधी असं झालं होतं का हो?”

विचारलं त्याने. सरळ विचारलं. देवाने एवढी मोकळी वाट क्वचितच कुणाला दिली असेल. आणि मी? “नाही हो. थंडीने झालं असेल.” उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यावर तो म्हणाला, डिझेल गाडी हाय, काम मागतेच, तुमी जिवाला लावून घेऊ नका.

त्या कामाला जे लागलं ते त्यांनी लेकीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलं होतं. सिंथिया बारावी झाली होती, नर्सिंगला जाणार होती. ती एक वर्ष थांबली. थांबली म्हणजे आईबरोबर मीरा रोडच्या बाजारात मासे विकायला बसली. मी तिच्याकडून मासे घ्यायचे आणि भाव करायचे नाही, एवढं माझं प्रायश्चित्त! बोंबील घ्यायचे, मांदेली घ्यायचे, संपणार नाहीत एवढे घ्यायचे. माझ्याकडे पैसे होते. इंजिनच्या कामाचे मी सहज देऊ शकले असते, आणि त्या पोरीचं वर्ष वाचलं असतं. ती कोलंबी निवडून पिशवीत घालताना मी तिच्या बोटांकडे बघत उभी राहायचे आणि घरी यायचे.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला माझा राग आला असेल तर बरंच आहे. पण आता जे सांगणार आहे ते मला जास्त अवघड जातंय. कारण ह्यापुढे माझ्या वाट्याला सगळं चांगलंच आलं.

मी ऑर्डरी पुन्हा सुरू केल्या. पातेली न्यायला गाडी हवी होती. मनात म्हटलं, पास्कूलाच बोलवू, त्याला तेवढंच काम मिळेल. बायका परत यायला लागल्या होत्या, पण दुपारी गाडी रिकामीच असायची. तेव्हापासून मी त्याच गाडीत, त्याच डाव्या सीटवर, माझ्याच गोधडीवर बसून हिंडले. वसईला मुंज, काशीमिऱ्याला साखरपुडा, भाईंदरला डोहाळजेवण. दर वेळी खालून इंजिनची ऊब यायची आणि मला आठवायचं. पण खोटं नाही सांगत — तीच माझी आयुष्यातली दुसरी चांगली वर्षं. पास्कू मला सोसायटीच्या दारात सोडून जात नसे, पातेली वर स्वयंपाकघरापर्यंत आणून ठेवायचा, तेही दुखऱ्या हाताने. रोजी नाताळला डबा भरून पाठवायची. माझा मुलगा महिन्यातून एकदा फोन करतो. पास्कू पाऊस जास्त झाला की करायचा, पानी भरलं का बाय, म्हणून.

एकदा वाटेत, मला वाटतं वरसावे पुलाच्या आसपास गाड्या तुंबल्या होत्या तेव्हा, मी त्याला माधवचा नियम सांगितला. जुनी डिझेल गाडी सकाळी बघायची, आधी इंजिनला हात लावायचा. का सांगितला? त्याला कळावं म्हणून. स्वतःच्या तोंडाने कबूल करायला लागू नये आणि तरी त्याला कळावं, असा भित्रा मार्ग. तो समोरच्या गाडीकडे बघत म्हणाला, “शाना मानूस व्हता तुमचा.” आणि गिअर टाकला. त्याला कळलं नाही. मला तरी वाटतं, कळलं नाही. त्याच्या मनात माझ्याबद्दल तसं यायला जागाच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी माझं पोटाचं ऑपरेशन झालं. मुलाला सुट्टी मिळाली ती थोडी. जखम भरायला वेळ लागला, आणि तेवढे सगळे दिवस सिंथिया ड्युटी संपवून माझ्याकडे ड्रेसिंग करायला यायची. ती नर्स झाली, वर्षभर उशिरा, पण झाली. हात हलका, आईसारखा नाही. एकदा पट्टी बदलताना कशावरून तरी जुना विषय निघाला आणि ती हसत हसत म्हणाली, आंटी, तुमच्या त्या गाडीने माझं एक वर्ष खाल्लं. तीही हसली, मीही हसले. हसताना टाके ताणले जातात. ती म्हणाली, हळू. मी तिचा हात धरून ठेवला. ह्या मुलीचे मी किती आभार मानू, आणि कुठल्या तोंडाने?

आता तुम्ही विचाराल, तेव्हा का नाही सांगितलंस? पहिलं खोटं मी हुशारीपायी बोलले. नंतर गप्प राहिले ती माणसं जातील म्हणून. ह्या दोहोंत दुसरं जास्त बरं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा समजावून पाहिलं. खाई त्याला खवखवे. समजूत काही पटली नाही.

गेल्या महिन्यात पास्कूने गाडी विकली. आता त्याला बायकांना बसवायला मोठा टेम्पो घ्यायचाय. गिऱ्हाईक नायगावचं होतं, एक तरुण नवरा-बायको, त्यांना पाण्याचे जार पोचवायचे होते. पास्कू म्हणाला, बाय, तुमी पन या, तुमची गाडी हाय. मी गेले.

गाडी चिंचेखाली सावलीत उभी होती. आदल्या दिवशी दुपारपासून हलवली नव्हती. पास्कूने गोधडी उचलली, सीट वर केली, त्या तरुणाचा हात धरला आणि इंजिनवर ठेवला.

“थंड हाय ना? आता मार सेल्फ.”

ती खोकली. थरथरली. दुसऱ्या सेल्फला सुरू झाली, थोडा पांढरा धूर टाकून. पास्कू बोलतच होता. एवढा धूर सकाळी येतो. इंजिनचं काम एकदा केलंय. क्लच आता मागणार. मागचं दार पावसात अडकतं. ती मुलगी नवऱ्याकडे बघत होती, आणि प्रत्येक वाक्यागणिक गाडीचा भाव खाली येत होता हे मला दिसत होतं, पास्कूलाही दिसत असणार. त्याने एकही वाक्य गाळलं नाही. शेवटी तो त्या दोघांना म्हणाला, “बायनी मला दिली तशीच मी तुमाला देतोय. काय लपवून न्हाय.” आणि माझ्याकडे वळून हसला.

त्या मुलीनेही माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

गाडी गेली. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त रडू आलं. तिने माझ्या नवऱ्याला सुख दिलं, मला पोटाला काम दिलं आणि मी जिथे जायला नको होतं तिथे नेऊन मला एक अख्खं घर दिलं. एवढं देणारी वस्तू मी खोटं बोलून विकली होती. जाताना पास्कूने गोधडी धुऊन, वाळवून, घडी करून माझ्या हातात दिली. ती आता माझ्या खुर्चीवर आहे. हे तिच्यावर बसूनच लिहितेय.

मी कधीमधी असं काहीबाही लिहिते. छापून आलं की पास्कूला अंक नेऊन देते. तो रविवारी देवळात — चर्चला ते देऊळच म्हणतात — मिस्सेच्या प्रार्थनेत मराठी वाचन करतो, वाचायची त्याला आवड. माझं लिहिलेलं तो घरी रोजीला मोठ्याने वाचून दाखवतो. ती मासे साफ करत ऐकते, मध्ये मध्ये “मंग?” म्हणते. हेही तो तसंच वाचेल.

तर वाच, पास्कू. त्या दिवशी गाडी उन्हाने तापली नव्हती. मी ती घोडबंदरपर्यंत फिरवून आणली होती आणि मुद्दाम उन्हात लावली होती. इंजिन काम मागत होतं, मला माहीत होतं. तुझा हात बरोबर होता.

आणि रोजी, टिकली मी रोज लावत होते. तुम्ही येणार म्हणून काढली होती.